पडताळणीत मी सापडले नाही

मी खोटी आहे, असं मला अडतिसाव्या वर्षी फोनवर, ‘मॅडम, मॅडम’ करत, अगदी अदबीनं कळवण्यात आलं.

फोन चेन्नईतल्या अंबत्तूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून होता. तिथं मला टेस्टरची नोकरी मिळाली होती. इतरांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, असं ते काम. आयुष्यातली पहिली नोकरी, आणि रुजू व्हायला अकरा दिवस उरलेले. एचआरमधली मुलगी इंग्रजीत म्हणाली, की तुमच्या कागदपत्रांची पडताळणी झाली आणि अहवाल लाल आला आहे. लाल म्हणजे काय, ते मी विचारलं.

“तुम्ही दिलेली पदवी तुमची नाही, मॅडम. विद्यापीठानं तसं कळवलंय. त्या नंबरावर दुसऱ्याच बाईचं नाव आहे.”

कढईत फोडणी जळत होती. मी गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरात खाली फरशीवरच बसले. बी.एस्सी. गणित, पहिला वर्ग. तीन वर्षं सांगलीला एसटीनं जाऊन-येऊन, स्टँडवर उभ्या उभ्या अभ्यास करून मिळवलेली पदवी माझी नाही म्हणे. मग कुणाची?

आता हे नोकरीचं प्रकरण मुळात सुरू कसं झालं ते सांगायला हवं. आमचे हे संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला आहेत. लग्न होऊन मी चेन्नईला आले त्याला सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत मी एकच धंदा केला, शिकवण्या. कॉलनीतल्या पोरांना गणित शिकवायचं, अर्धं इंग्रजीत आणि अर्धं माझ्या मोडक्या तमिळमध्ये. त्यातली एक मुलगी बी.कॉम.ला सांख्यिकीत दोनदा आपटली होती. तिसऱ्यांदा मी तिला कान धरून पास केली. वर्षभरानं ती गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून पेढे द्यायला आली. वेलचेरीला चार महिन्यांचा टेस्टिंगचा कोर्स केला म्हणाली, आता आयटीत आहे. मी पेढा तोंडात टाकला खरा, पण तो गोड लागला नाही. खोटं कशाला बोलू, जळले मी. जिला सरासरी आणि मध्यक यांतला फरक तीनदा समजावून सांगितला ती आयटीत, आणि मी अजून जेवणाच्या टेबलावर शिकवण्या घेतेय!

दुसऱ्या महिन्यात मी त्याच क्लासात नाव घातलं. शनिवारी-रविवारी अंबत्तूरहून लोकल, मध्ये गाडी बदलायची, वेलचेरी स्टेशनावरून शेअर ऑटो. क्लास दुसऱ्या मजल्यावर, खाली बिर्याणीचं दुकान. वर्गात आम्ही बावीस जण. बहुतेक मेकॅनिकलचे इंजिनिअर, दोघं-तिघं बँकेच्या परीक्षा देऊन थकलेले, एक नर्स. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मला ‘अक्का’ करून टाकलं. शिकवायला एक तरुण बाई होती, रागीट आणि फार हुशार. ती म्हणायची, “समोर जे दिसतंय ते बरोबर आहे असं मानलंत, की तुम्ही टेस्टर नाही.” मला ते भलतंच आवडलं. सोळा वर्षं पोरांच्या वह्यांत मी दुसरं काय करत होते? चुका शोधण्यात माझा हात कुणी धरला नसता.

चौथ्या महिन्यात क्लासच्या मालकांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. माझी पाळी आली.

“अक्का,” ते म्हणाले, “वय अडतीस, अनुभव शून्य. असा बायोडेटा कुणी उघडूनसुद्धा बघणार नाही. आम्ही तुम्हाला तीन वर्षांचा अनुभव देतो.”

“देतो म्हणजे?”

म्हणजे एका कंपनीचं पत्र. ती कंपनी पत्राच्या कागदावर होती, आणखी कुठं नव्हती. कुणी चौकशीला फोन केलाच, तर तो मालकांच्या मेव्हण्याकडे वाजणार होता. मेव्हणा म्हणणार होता, हो हो, फार कष्टाळू बाई. मी आ वासून बघत राहिले. याला त्यांच्याकडे ‘एक्स्पीरियन्स सपोर्ट’ म्हणत. मला वाटलं मी बाहेर जाऊन सांगितलं तर वर्गात हाहाकार उडेल. बाहेर येऊन सांगितलं. मेकॅनिकलवाला एक जण शांतपणे म्हणाला, “अक्का, आम्ही सगळ्यांनी घेतलंय. तुम्हीच राहिलात.” नर्सनंसुद्धा घेतलं होतं. तिनं खऱ्याखुऱ्या दवाखान्यात पाच वर्षं काम केलेलं, ते खोडून तिथं ही खोटी तीन वर्षं लिहिली होती.

मी परत केबिनमध्ये गेले आणि भांडले. म्हटलं, मी गणिताची बाई आहे, उत्तर बरोबर आलं तरी मी पोरांना पायऱ्या लिहायला लावते. मालक हसले. तुमची मर्जी, म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला.

मग मी खऱ्या बायोडेटावर हिंडले. कुठं आतच घेतलं नाही. कुठं विचारलं, इतकी वर्षं काय करत होता? शिकवण्या म्हटलं की समोरचा माणूस मान खाली घालून दुसरा कागद उचलायचा. शेवटी ही अंबत्तूरची कंपनी निघाली. त्यांचं काम शाळांसाठी गणिताच्या सरावाचं ॲप बनवायचं. मुलाखतीत त्यांनी त्यांचंच ॲप पुढ्यात ठेवलं आणि मी दहा मिनिटांत अपूर्णांकाची दोन चुकीची उत्तरं काढून दिली. दुसरा प्रश्न आला तो फॉर्मवरचा. नाव भरायची चौकट आहे, तिची तपासणी कशी कराल? मी एका दमात चौदा प्रकार लिहिले. चौकट रिकामी सोडली तर, आकडे घातले तर, नाव फारच लांब असलं तर, मधे टिंब असलं तर. त्यांनी कागद एकमेकांना दाखवला आणि मला घेतलं. घरापासून बसनं वीस मिनिटं. शिकायला सगळं शहर ओलांडून वेलचेरीला गेले आणि नोकरी मिळाली जणू पलीकडच्या गल्लीत. मी खूश होते, फार खूश होते.

आणि आता हा लाल अहवाल.

फरशीवर बसल्या बसल्या पाच-दहा मिनिटांनी माझ्या डोक्यात उजेड पडला. ती ‘दुसरी बाई’ मीच होते.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. आडनाव तर बदलतंच, पण पहिलं नावसुद्धा. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यावर नवं नाव लिहायचं. माझंही तसंच लिहिलं. का बदललं? काही कारण नव्हतं. जुनं नाव वाईट नव्हतं, सासरी त्या नावाची दुसरी कुणी नव्हती, पत्रिकेतही काही अडलं नव्हतं. बदलतात म्हणून बदललं. मी वाकून बघितलं, नाव छान होतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा लाजून हसले. मग त्याच नावानं रेशन कार्ड झालं, त्यावरून आधार, आधारवरून पॅन, बँक, सगळं. ग्रामपंचायतीतून लग्नाचा दाखला काढला, तर तिथल्या माणसानं वधू म्हणून नवं नाव आणि पुढं माझ्या वडिलांचं नाव लिहून दिलं. त्या कागदावर माझ्या वडिलांना एक नसलेली मुलगी झाली. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. आणि गंमत अशी, की जुनं नाव घरातसुद्धा कुणी वापरत नव्हतं. माहेरी मी थोरली, म्हणून सगळ्यांची ताई. आईसुद्धा ताईच म्हणते. ते नाव होतं फक्त शाळा-कॉलेजच्या हजेरीपटावर आणि पदवीवर.

क्लासला, मुलाखतीला, सगळीकडे मी आधारवरचं नाव दिलं आणि जोडीला पदवीची प्रत लावली. दोन कागदांवर दोन नावं आहेत, हे मला खटकलंच नाही. नाव या चौकटीचे चौदा प्रकार लिहिणारी मी! आमच्या कुठल्याही बाईला खटकलं नसतं. आपल्या लेखी ते एकच माणूस असतं.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्या एचआरच्या मुलीला हे सांगितलं. ती तमिळ, इथलीच. तिला आधी कळेचना.

“लग्नानंतर इनिशियल बदलतं, मॅडम. वडिलांच्या ऐवजी नवऱ्याचं. ते आमच्यातही काही जणी करतात.”

“आमच्यात सगळंच बदलतात.”

“सगळंच म्हणजे? तुमचं स्वतःचं नाव?”

“हो.”

“तुम्ही अर्ज केला होता?”

“अर्ज कसला? तांदळात लिहिलं.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “अय्यय्यो,” ती हळूच म्हणाली, आणि त्या एका शब्दात मला पहिल्यांदा माझंच लग्न बाहेरून दिसलं. बावीस वर्षांची मुलगी, ताटातले तांदूळ बघून हसणारी. मला राग आला, त्या मुलीचा नाही, माझा स्वतःचा. ती बिचारी चांगली होती. म्हणाली, सात दिवस देते. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र हवं, आणि जुन्या नावाचा फोटोवाला पुरावा हवा. नाही मिळालं, तर ऑफर आपोआप रद्द होईल, माझ्या हातात काही नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. “त्यात काय एवढं?” हे म्हणाले. “सगळ्यांचंच बदलतात.”

“तुमचं बदललं?”

ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दोन दिवस मी घर पालथं घातलं. पदवीवर फोटो नाही, गुणपत्रिकेवर फोटो नाही. जुन्या नावाचा आणि माझ्या चेहऱ्याचा एकत्र असा कागदाचा एक चिटोरा घरात नव्हता. आईला फोन केला. ती म्हणाली, माळ्यावरच्या ट्रंकेत बघते, पण गुडघे धरलेत, वर चढायला कुणीतरी यायला हवं.

तेवढ्यात क्लासच्या मालकांचा फोन. त्यांना कुणाकडून कळलं कोण जाणे. “अक्का, ऐकलं मी. बाकी सगळी बॅच हिरवी आली बघा.”

एकवीस जण हिरवे! मेव्हण्यानं फोन उचलला होता आणि एकवीस जण आयटीत गेले होते. ज्यांचं खोटं ते पास झालं, आणि माझं सगळं खरं होतं म्हणून मी चोर ठरले.

“त्यात काळजी कसली,” ते पुढं म्हणाले. “तुमच्या आत्ताच्या नावानं नवीन पदवी करून देतो. विद्यापीठाच्या उत्तरासकट. तुमचीच पदवी आहे अक्का, खोटं त्यात काय आहे? फक्त नाव बरोबर होईल.”

आणि मी विचारलं, “किती दिवस लागतील?”

ते मी विचारलं. माझ्या तोंडून गेलं ते. ‘चार’ असं उत्तर कानावर आलं आणि मी फोन असा टाकला जसा हाताला तवा लागलाय. पोरांना पायऱ्या लिहायला लावणारी बाई! त्या दिवशी मला सगळ्यांत जास्त धक्का बसला तो माझाच. पुढं बराच वेळ मी स्वतःशी बोलत घरभर फिरत होते. आमची मुलगी शाळेतून आली तर म्हणाली, “आई, भांडतेयस कुणाशी?”

आईनं शेजारच्या मुलाला माळ्यावर चढवलं आणि कॉलेजच्या ग्रंथालयाचं कार्ड सापडलं. कोपरा उंदरानं खाल्लेला, पण फोटो शाबूत. दोन वेण्या आणि तेलानं चपटे बसवलेले केस. कुरिअरनं ते कार्ड पाचव्या दिवशी आलं आणि सहाव्या दिवशी मी ह्यांना अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला लावून कोर्टाजवळच्या नोटरीकडे नेलं. ओळखणारा साक्षीदार हवा होता. नवऱ्याहून जास्त कोण ओळखणार?

नोटरी म्हातारे, चष्मा नाकावर, मसुदा टंकून तयार. त्यांनी माझी सही घेतली आणि ह्यांच्याकडे वळून साधं, कामापुरतं विचारलं, “तुम्ही या बाईंना दोन्ही नावांनी ओळखता?”

“येस सर.”

“लग्नाआधीचं नाव सांगा.”

हे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं चेष्टा करतायत. मग त्यांच्या कपाळावर घाम दिसला.

“अगं... ताईच म्हणतात ना तुला सगळे...”

“सर, नाव,” नोटरी म्हणाले.

आणि ह्यांनी नाव सांगितलं. माझ्या धाकट्या बहिणीचं.

नोटरींनी कागदाकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, मग चष्मा काढून माझ्याकडे. ‘कुणाला घेऊन आला आहात?’ असा स्पष्ट प्रश्न त्या डोळ्यांत होता. सोळा वर्षं! लग्नपत्रिकेवर ते नाव ह्यांच्या नावाशेजारी सोनेरी अक्षरांत छापलं होतं. ह्यांचं नाव घ्यायला मला सगळ्या वऱ्हाडासमोर उखाणे पाठ करायला लावले, आणि माझं नाव ह्यांना कधी कुणी विचारलं नाही. विचारलं ते अंबत्तूरच्या एका म्हाताऱ्या वकिलानं, शिक्का मारण्यापुरतं.

शेवटी हे ग्रंथालयाच्या कार्डावर वाकून वाचून सांगते झाले. नोटरींनी शिक्का मारला. बाहेर आल्यावर हे म्हणाले, “गडबडीत झालं गं.” कागद एचआरला नेऊन दिले, घरी आले, स्वयंपाक केला, ताट वाढलं, पण बोलले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. हे फिल्टर कॉफी करून आणायचे, मी कप घ्यायची आणि तोंड फिरवायची. ज्याच्याबरोबर संसार केला त्याला मी कोण होते हे माहीतच नव्हतं, हे काही केल्या गिळवत नव्हतं. आईला फोनवर सांगितलं तर ती हसली. मी तिचाही फोन ठेवून दिला.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी मेल आला. अहवाल हिरवा झाला होता. या वेळी मी खाली बसले नाही, उभ्यानंच तीनदा वाचला आणि मग रडले.

सकाळी नऊला ऑफिसात पोचले. स्वागतकक्षात आम्ही नवे आठ-नऊ जण खुर्च्यांवर बसलो होतो, सगळे माझ्या शिकवणीला शोभतील अशा वयाचे. एक जण हातात यादी घेऊन आला. ही यादी त्यांनी पडताळणीच्या अहवालावरून काढली होती, तसं तो म्हणालाही. एकेक नाव पुकारलं, एकेक जण उठून कार्ड घेऊन आत गेला. मग त्यानं एक नाव घेतलं आणि कुणी उठलं नाही. त्यानं परत घेतलं, जरा मोठ्यानं. मी आजूबाजूला बघितलं. कानात काहीतरी घालून बसलेली एक मुलगी होती, वाटलं हिचंच असेल. मनात म्हटलं, पहिल्याच दिवशी लक्ष नाही, कठीण आहे हिचं. तिसऱ्यांदा त्यानं ते नाव पूर्ण वाचलं, वडिलांच्या नावासकट. मी दचकले. माझ्या बाबांचं नाव इथं अंबत्तूरला याला कसं ठाऊक, हाच विचार आधी आला.

तो यादीवर काट मारणार, एवढ्यात कळलं, हे तर माझंच पदवीवरचं नाव, आणि मी उठले. “सॉरी,” म्हटलं, “मीच ती.”

संध्याकाळी ह्यांनी दारातच विचारलं, कसा गेला पहिला दिवस? बरा गेला, म्हटलं. चार-पाच दिवसांतलं ते माझं पहिलं वाक्य होतं, ह्यांचा चेहरा एकदम उजळला. खुर्चीवरचं ते मी त्यांना सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.